कमी मागणारे जावईबापू

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं आमच्या गावच्या शाळेतले मास्तर सांगायचे. नऊ ग्रह एक वेळ शांत होतील, हा होत नाही. मास्तरांना स्वतःला चार मुली, तेव्हा ते अनुभवाचे बोल होते. माझ्या वाट्याला आला तो मात्र उलटा ग्रह. लग्नानंतर पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसले, तर भाजीत मीठ नव्हतं. मीठ मागायचं सोडून हे कमीच जेवले. "मागितलं असतं तर कुणाला तरी भरल्या ताटावरून उठावं लागलं असतं," असं नंतर लेकीजवळ बोलले. तेव्हापासून लेक त्यांना वाढताना विचारत नाही. म्हणते, "ह्यांना विचारलं की हे उपाशी राहतात."

आता मी लेकीकडेच राहतो, त्यामुळे हा माणूस रोज बघायला मिळतो.

जावईबापू एका संशोधन संस्थेत संख्याशास्त्राचं काम करतात. डॉक्टर मंडळी माणसं तपासून आकडे आणतात, आणि त्या आकड्यांत खरंच काही आहे की नुसता योगायोग, हे जावईबापू शोधतात. त्यासाठी 'आर' नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा असते. एका अक्षराचं नाव. बारशातसुद्धा एवढी काटकसर केलेली भाषा ह्यांच्याच पदरी पडायची होती, असं मी एकदा म्हणालो तेव्हा बराच वेळ हसत होते.

हिशोब मोठा असला की टेबलावरचा संगणक धापा टाकतो. मग तो संस्थेच्या सामायिक यंत्रावर चढवावा लागतो. ते यंत्र त्यांनी मला एकदा दाखवायला नेलं. गारठलेली खोली, ओळीनं उभी काळी कपाटं, आणि आवाज पिठाच्या गिरणीसारखा. व्यवहारही गिरणीचाच. आपला डबा रांगेत ठेवायचा आणि ठेवतानाच सांगायचं, की माझ्या कामाला एवढी मेमरी लागेल, एवढा वेळ लागेल. जास्त मागाल तर नंबर उशिरा लागतो. आणि मागितलेला वेळ संपला की काम पुरं झालेलं असो वा नसो, यंत्र ते तोडून टाकतं. तिथे दयामाया नाही.

त्या दिवशी ते बाईंचं काम रांगेत लावायला आले होते. बाई म्हणजे त्यांच्या वरिष्ठ डॉक्टर. खाणींत दगड फोडणाऱ्या माणसांची फुप्फुसं तपासण्यात बाईंचा जन्म गेला. त्यांचं म्हणणं असं, की माणूस खाण सोडतो, पण छातीतली धूळ आपलं काम सोडत नाही. तेव्हा निवृत्तीनंतरही ह्या लोकांची तपासणी चालू ठेवली पाहिजे. बाकीचे म्हणत, म्हातारपणी दम कुणाला लागत नाही? कोण खरं, ते ह्या हिशोबातून निघायचं होतं. आणि बाई स्वतः अंथरुणाला खिळल्या होत्या. दुखणं असं, की डॉक्टरही त्यांच्याशी खोटं बोलेनात.

यंत्र सांभाळणारा गडी जावईबापूंचा जुना मित्र. आम्ही घरात त्याला गिरणीवाला म्हणतो. पडद्यावर बघून तो म्हणाला, "अरे, दुप्पट वेळ माग. फेऱ्या किती आहेत तुझ्या हिशोबात."

"पुरेल. थोड्या आकड्यांवर चालवून बघितलंय. मागे विद्यार्थ्यांची कामं खोळंबलीत."

"मग निदान मधेमधे साठवत जा. तुटलं तर तिथून पुढे चालेल."

"सारखं लिहीत राहिलं की डिस्क अडते. सगळ्यांचंच काम मंदावतं मग."

गिरणीवाला माझ्याकडे वळला. "आजोबा, असं गिऱ्हाईक लाखात एक. बाकीचे अर्धी कपाटं अडवून चहाला जातात." माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात बाईंना भेटायला गेलो. बाई उशीला टेकून बसल्या होत्या, आवाज तेवढा शाबूत.

"आलं का रे?"

"रांगेत आहे, बाई."

"मीही रांगेतच आहे." मग मला म्हणाल्या, "आजोबा, तुमचे जावई माझ्यापुढे कुणालाही उभं करतील."

"बाई, मलाही असेच मिळाले. बदलून देत नाहीत."

बाई हसल्या, हसता हसता खोकल्या, आणि परिचारिकेनं आम्हाला बाहेर काढलं.

बाईंची एक खोड होती. जावईबापूंनी कसलाही निकाल नेला तरी त्या शाबासकी देत नसत. एवढंच विचारत, "पुन्हा मोजून बघितलंस?" आमच्या घरात ती म्हणच होऊन बसली होती. माझा चष्मा सापडत नसला की लेक म्हणते, "बाबा, पुन्हा मोजून बघितलंत?"

पुढे नंबर लागला, हिशोब सुरू झाला. जावईबापू त्या दिवसांत शीळ घालत अंघोळ करायचे. आणि एका सकाळी जेवता जेवता फोनवर निरोप आला, की वेळ संपला, काम रद्द. पूर्ण आकड्यांना त्यांच्या अंदाजाहून जास्त वेळ लागला होता. मधलं काही साठवलेलं नव्हतं. सगळं मुसळ केरात.

"किती राहिलं होतं?" मी विचारलं.

"थोडंच, मामा."

त्यांनी काम पुन्हा लावलं, ह्या वेळी भरपूर वेळ मागून. साहजिकच नंबर फार मागे गेला. लेक म्हणाली, "अहो, गिरणीवाल्याला सांगा ना बाईंची तब्येत अशी आहे म्हणून. घालेल तो पुढे."

"घाई सगळ्यांनाच असते गं."

लेकीनं भांडं आपटलं. त्यांनी ते उचलून धुवून ठेवलं.

नंबर लागायच्या आत बाई गेल्या.

गिरणीवाला भेटायला घरी आला. लेकीनं दिलेला पाण्याचा पेला त्यानं न पिता हातातच धरला होता. "मला काय माहीत बाई एवढ्या आजारी आहेत ते? एक शब्द टाकायचास. तातडीचं काम पुढे घ्यायची सोय आहे. लोक ऊठसूट वापरतात ती."

"दुसऱ्या कुणाचं मागे गेलं असतं."

"त्याला थांबता आलं असतं रे."

ह्यावर जावईबापूंनी पाणी हवं का, म्हणून त्याला विचारलं. त्याचा पेला भरलेलाच होता.

निकाल आला तो एका भर दुपारी. ते लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत आले आणि खुर्ची पलंगाजवळ ओढली.

"मामा, जरा ऐकता?"

वाचू लागले. आवाज दवाखान्यात बाईंपाशी असायचा तसा, हळू आणि सावकाश. खाण सोडल्यावरही त्या माणसांचा श्वास उतरतच जातो, नुसत्या वयानं उतरेल त्याहून पुष्कळ जास्त, आणि ह्याला योगायोग म्हणायला फारशी जागा उरत नाही. म्हणजे बाई खऱ्या होत्या. मला निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

वाचून झालं तरी ते उठेनात. माझ्याकडे बघत राहिले. शाबास म्हणणार होतो, पण ते शाबासकीसाठी थांबले नव्हते. मी जावयाला कधी अरेतुरे केलेलं नाही, तरी म्हणालो,

"पुन्हा मोजून बघितलंस?"

"हो, बाई," ते म्हणाले.

मग लॅपटॉप मिटला आणि मांडीवर धरून तसेच बसले. चहा टाकू का, म्हणून लेकीनं आतून विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता तिनं तो आणून ठेवला.