रिकाम्या पोटाचे जिताडे

नामदेवने टिपणीस सरांना फसवलं. आमच्या तळ्यातले जिताडे त्याच्या हातून मेले आणि दोष त्याने सरांच्या माथी मारला. हे आधीच लिहून टाकते.

सर रोह्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. एकटेच राहत. रविवारी गाडीने पेणला येत आणि बाजारात माझ्या पाटीसमोर उकिडवे बसून माशाचा कल्ला उघडत. पहिल्याच दिवशी विचारलं, "हा कुठला? तिथलं पाणी गार होतं का?" मला वाटलं, भाव पाडायची नवी तऱ्हा. मी म्हणाले, "मासा घ्या. पाण्याची चौकशी पाण्याकडे करा." ते हसले आणि मी सांगितलेल्या भावात सुरमई घेऊन गेले. घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाचा मला संशय येतो. पण तीन-चार महिन्यांत रविवारी मी त्यांची वाट बघायला लागले. मला घरी बोलायला दुसरं होतं कोण?

ते बर्फाच्या समुद्रातल्या माशांबद्दल सांगत. "त्यांच्या रक्तात असं काही असतं यशोदाबाई, की बर्फाचा कण तयार झाला तरी वाढू शकत नाही." एक मासा म्हणे गोठलेल्या तळ्याखाली हवेवाचून महिने काढतो. अंगात साठणाऱ्या आम्लाची दारू करतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो.

"म्हणजे आमच्या गावातल्यांसारखा झिंगून पडतो?"

"तुमचे गावातले पितात. हा बनवतो आणि फुकट सोडून देतो."

"मग येडाच हाय तो," मी म्हणाले. सर इतके हसले की शेजारच्या बायका बघायला लागल्या.

धरमतर खाडीच्या बाजूला खारेपाटात नामदेवचं आणि माझं भागीत तळं होतं. त्या जानेवारीत गारठा पडला आणि जिताडे तळाशी जाऊन बसले, खाईनात. नामदेवच्या मुलीचं जमलं होतं. आमच्याकडे व्याह्यांच्या घरी तळ्यातला भरलेला जिताडा जातो, तो बारका गेला तर वर्षभर टोमणे. मी सरांना घेऊन गेले. त्यांनी दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडला, बराच वेळ बघितला.

"आठवडाभर काही टाकू नका. हा उबेतला मासा, बर्फातल्यांची युक्ती याच्याकडे नाही. याने फक्त आतली चूल मंद केली आहे. मंद चुलीवर जास्त तांदूळ चढवले तर भात नासतो."

"व्हय सर," नामदेव म्हणाला. दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून मांदेलीच्या दोन पाट्या घेऊन गेला. "पाहुणे येतात, काकी." मी भाव ताणला, त्याने तो दिला. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी जिताडे पालथे तरंगत होते. माझा निरोप मिळताच आलेल्या सरांनी बांबूने तळाचा गाळ वर काढला. त्यात मांदेली होती, अख्खी, कुजलेली. ती आम्ही दोघांनीच पाहिली. आम्ही गावात माणसं बोलवायला गेलो तेवढ्यात नामदेवने ओहोटी साधून उघाडीचं, तळ्याचं पाणी खाडीत सोडायचं, दार उचललं. पाणी गेलं, गाळही गेला.

मग लोकांसमोर त्याने एक जिताडा चिरला. पोट रिकामं.

"बघा! मास्तरांनी उपाशी मारला!"

गारठलेला मासा समोरचं खात नाही, म्हणून पोट रिकामं; न खाल्लेली मांदेली कुजून पाणी नासलं आणि जिताडे त्यात गुदमरले. पण रिकामं पोट सगळ्यांना दिसलं, गाळ कोणाला दिसला नाही. मी पुढे झाले, तोंडाला येईल ते बोलले. इतकी ओरडले की मुद्दाच बुडाला. "तू गप गो, तोटा झाला म्हणून बोंबलतेस," असं म्हणून लोक पांगले. सर मात्र थर्मामीटरची दोरी बोटांना गुंडाळत उभे होते. "चला बाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर ते पेणला आले नाहीत. मीही रागात होते. त्यांनी तोंड का उघडलं नाही, याचा राग. पावसाळ्यात रोह्याला गेले तर खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, "सर जाऊन महिना झाला. कळवायचं कोणाला, तेच कळेना."

माझं नाव कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी तशीच स्टेशनवर येऊन बसले. दोन गाड्या गेल्या.

गाळातली मांदेली पाहिलेली आता मी एकटी उरले. अजून गावात गारठा पडला की कोणीतरी म्हणतंच, "मास्तरांसारखं उपाशी नको मारू हां." नामदेव, तू ते ऐकतोस आणि हसतोस. या वेळी मी ओरडणार नाही. गावकी बसेल तेव्हा एवढंच विचारीन, आणि उत्तर घेतल्याशिवाय उठणार नाही: त्या दोन पाट्या मांदेली कुठल्या पाहुण्यांनी खाल्ली?