पाठ लागली की रं

धायरीच्या सोनबा पैलवानाच्या घरात पोराला नीट चालता यायच्या आधी पडायला शिकवत. पडायचं ते छातीवर, पोटावर, वेळ आली तर तोंडावर. पाठीवर मात्र नाही. मातीला पाठ लागली की कुस्ती संपली आणि अब्रूही गेली. सोनबाची पाठ उभ्या पंचक्रोशीत कुणाला लावता आली नाही. मुलगा बजरंग त्याच घडणीचा, कान मोडलेला, मान रेड्याची. आणि अशा घरात बजरंगाला जयसिंग झाला तो बांबूसारखा! दूध, तूप, बदाम, सगळं चारून आई थकली. पोरगं आडवं भरेना, नुसतं उभंच वाढत राहिलं. तालमीतले म्हणायचे, "ह्याच्यावर घोसाळ्याचा वेल तरी चढवा."

शहरातल्या शाळेत मास्तरांनी ते लांबलचक हात बघितले आणि त्याला फुटबॉलच्या गोलात उभं केलं. तिथं जो उभा राहिला तो राहिलाच. पुढं त्र्याहत्तरच्या सुमारास खडकीकडच्या एका कारखान्याच्या संघानं त्याला नोकरीसकट उचललं. बजरंगाला तर खरंच वाटेना. "चेंडू आडवायचा पगार देत्यात?" असं त्यानं गावभर विचारून घेतलं.

आजोबा, म्हणजे सोनबा आबा, सामना बघायला एकदाच आले. मुद्दाम फेटा बांधून आले. सामना संपता संपता समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. जयसिंगनं झेप घेतली, चेंडू छातीशी कवटाळला आणि धाडकन उताणा पडला. मैदान नुसतं दणाणलं. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन नाचवलं. त्याचे डोळे मात्र आबांना शोधत होते. खाली उतरून तो त्यांच्यापाशी गेला. आबा हसले नाहीत. त्याच्या पाठीकडं बघून म्हणाले, "पाठ लागली की रं." आणि फेटा सावरून चालू लागले.

इतकी माणसं ओरडत होती ती सगळी आंधळी आणि खरं काय ते एकट्या आबांनाच दिसलं, असं जयसिंगला वाटलं. तीन पिढ्यांत जे घडलं नव्हतं ते त्यानं भर मैदानात, टाळ्यांच्या गजरात करून दाखवलं होतं.

तेव्हापासून तो हवेतच वळायला लागला. चेंडू हातात आला की अंग पिळायचा आणि छातीवर नाहीतर खांद्यावर आदळायचा. कुणाला सांगितलं नाही. सांगणार काय, कपाळ? संघाला शिकवणारे शरच्चंद्र सर कसबा पेठेतले. बोलणं थोडं, पण बोललेलं झोंबायचं. "जयसिंगराव, पाठीला इस्त्री केलीय का? चुरगळेल म्हणून जपताय?" तो हसून वेळ मारून न्यायचा. सर परोपरीनं सांगायचे की चेंडू पोटाशी धर आणि पाठीवर लोळण घे, मार लागत नाही. त्याला ते पटायचंही. पण अंग ऐकेल तर शपथ.

राज्याच्या संघाची निवड आली. गोलरक्षकाची एक जागा ह्याचीच, असं सर छातीठोकपणे सांगत होते. जयसिंगला ती जागा हवी होती, जिवापाड हवी होती. राज्याचा शर्ट अंगात घालून एकदा धायरीत शिरलो की आबा पाठीचं विसरतील, अशी त्याची समजूत. निवडीच्या सामन्यात एक उंच चेंडू आला. अगदी साधा, शाळेतल्या पोरानंही धरला असता. त्यानं उडी मारून धरला, आणि सवयीनं वळला. सगळा भार उजव्या खांद्यावर आला. हाड मोडल्याचा आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला. दुखलं नंतर, आधी तो नुसता गार पडला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. हात खांद्याच्या वर जाणार नाही, खेळ संपला. पुढं त्यानं सगळा जन्म त्याच कारखान्याच्या स्टोअरमध्ये काढला, आणि वरच्या फळीवरचं सामान कायम दुसऱ्यानं काढून दिलं. पण त्या दिवशी ते कळूनही त्याच्या डोक्यात शिरत नव्हतं. सर खाटेशी उभे होते. तिरकस बोलायचं त्यांना सुचेना.

"अरे, सरळ पाठीवर पडला असतास तर कपडे झटकून उठला असतास. का वळतोस तू? आता तरी सांग."

दारात बजरंग आणि आबा येऊन उभे राहिले होते. जयसिंगच्या अंगात लपवायची ताकद उरली नव्हती. "पाठ लागू द्यायची नाय, सर. त्या पेनल्टीला पाठ लागली, तवा आबा बोलले होते."

आबा गोंधळून पुढं आले. "मी? मी कधी बोललो? आरं, फुटबॉलात कुठं चीतपट आसतीया? येवढं बी कळंना व्हय मला?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना आठवतच नव्हतं. ज्या वाक्यापायी जयसिंगनं प्रत्येक उडीला अंग पिळलं, ते बोलणाऱ्याच्या गावीही नव्हतं. मैदानातून बाहेर पडेपर्यंतच आबा ते विसरले असावेत. ओरडावं, भांडावं, हातात येईल ते फेकावं असं त्याला वाटलं. तेवढ्यात आबांचा चेहरा बदलायला लागला. ओठ हलले, बोटं फेट्याच्या शेमल्याशी चाळा करू लागली. त्यांना काहीतरी आठवू पाहत होतं.

"नाय आबा," जयसिंग घाईनं म्हणाला. "दुसरंच कुणीतरी बोललं आसंल. गर्दी होती. माझ्याच ध्यानात घोळ झाला."

आबांनी मोठा श्वास सोडला. "त्येच म्हणतो मी," ते म्हणाले, आणि स्टुलावर बसून त्याच्यासाठी मोसंबं सोलायला लागले.