आम्ही हेडसाहेबांची लाज राखली

कॉटन ग्रीनपासून गिरगावपर्यंत जेवढा म्हणून कापूस आहे, मग तो गोदामात असो, गादीत असो की समईच्या वातीत, त्या सगळ्याला आमच्या हेडसाहेबांची बोटं लागलेली आहेत, हे मी छातीठोकपणे सांगतो. आम्ही सहाजण त्यांच्या हाताखाली कापसाची पारख करायचो. चिमूटभर कापूस घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा आणि तंतूची लांबी मिलिमीटरमध्ये सांगायची; तंतू जेवढा लांब, तेवढा कापूस भारी. साहेबांचं हे काम सुट्टीच्या दिवशीही सुटत नसे. माझ्या मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हे गृहस्थ व्याह्यांच्या गादीची उसवलेली शिवण चाचपत होते. "बावीसच्या वर जात नाय रे! मंडपवाल्याने फसवलान तुला," असं त्यांनी माझ्या कानात सांगितलं आणि मग अक्षता टाकल्या.

मग मालकांनी ही लांबी मोजणारं मशीन आणलं आणि आम्हाला त्याच्या वळणी लावायचं काम साहेबांवर टाकलं. दुसरा कोणी असता तर आम्ही त्याला उभा केला नसता. साहेबांनी पहिल्याच दिवशी मशीनला हार घातला, आम्हाला पेढे भरवले आणि म्हणाले, "नवी सून आहे रे बाबांनो. सुरुवातीला मीठ जास्त पडणारच. सांभाळून घ्या." वर शब्दही दिला, "एकाची पण नोकरी जाणार नाय. मी बसलोय ना!" त्यांना ते खरंच वाटत होतं, हीच तर पंचाईत.

तीन महिने मशीनचा आकडा आणि हाताचा आकडा वहीत शेजारी शेजारी लिहायचा होता. दमट हवेत मशीन सरळ चुकायचं. पण आकडे जुळले नाहीत की मालक साहेबांवर डाफरायचे, "तुमची माणसं मुद्दाम खोटं लिहितात. एवढी सहा माणसं तुम्हाला समजावता येत नाहीत?" साहेब खाली मान घालून ऐकायचे. आम्हाला ते बघवेना. शेवटी आम्ही सहा शहाण्यांनी ठरवलं, आधी मशीनचा आकडा बघायचा आणि तोच आपला म्हणून लिहायचा. साहेबांना यातलं काही सांगितलं नाही. महिनाअखेर वही तंतोतंत जुळली, खाली साहेबांची सही झाली. मशीन एवढं अचूक असेल तर माणसं कशाला, असं म्हणून मालकांनी आम्हा सहाजणांना घरी बसवलं. साहेब तेवढे राहिले, मशीनवरची धूळ पुसायला. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आम्ही, आणि शिव्या मात्र वर्षभर साहेबांना घातल्या.

गेल्या महिन्यात ते माझ्या लालबागच्या खोलीवर आले. मी 'या'सुद्धा म्हटलं नाही. बायकोने चहा पुढे ठेवला. कपाला हात न लावता त्यांनी विचारलं, "त्या शेवटच्या गाठीला तुझ्या हाताला किती आलेलं रे? खरं सांग."

"सव्वीस," मी म्हणालो. वहीत मशीनचे एकोणतीस होते, आणि माझेही.

"मला पण सव्वीसच लागलं होतं," ते म्हणाले. "पण तुम्ही सहाच्या सहाजणांनी एकोणतीस लिहिलेलं. मला वाटलं, माझीच बोटं म्हातारी झाली. म्हणून सही केली."

माझा राग गेला असं नाही. पण तो आता कोणावर काढायचा, ते मला कळेना. त्यांचा चहा गार झाला होता. मी बायकोला दुसरा टाकायला सांगितलं.