खंडेनवमीला कार्ब्युरेटर

१ ऑक्टोबर, खंडेनवमी. कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची पातळी खाली आणायची होती, आणि तीही पूजेच्या आधी. आमच्याकडे या दिवशी विळे, कोयते, कुऱ्हाड, शिलाई मशीन, गाडीचे पाने असं सगळं धुऊन-पुसून मांडतात. एकदा हळदकुंकू लागलं की दसऱ्याच्या सकाळपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. भाजीसुद्धा आधीच चिरून ठेवावी लागते.

गाडी सासऱ्यांची. गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली, माझ्याहून वयाने मोठी. सासरे गेल्यावर भंगारवाला बघून गेला तेव्हा मीच म्हटलं, चालती आहे तोवर राहू दे. मग मिस्त्री मिळेनात, म्हणून स्वतःच शिकले. त्यात माया वगैरे काही नाही. लवळ्याच्या चढाने बटाट्याची पोती आणि तेलाचे डबे तिच्यातूनच वर येतात. आमच्या खोल्या कॉलेजच्या मुलींना भाड्याने दिल्या आहेत आणि त्यांची दोन्ही वेळची जेवणं मीच करते.

गेले काही दिवस गाडी चढावर काळा धूर ओकत होती आणि वर पोचेपर्यंत गुदमरून बंद पडत होती. म्हणजे पेट्रोल जास्त जात होतं. कार्ब्युरेटरला एक वाटी असते, तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल वर आलं की फ्लोट उचलला जातो, सुई दाबली जाते आणि पेट्रोल बंद होतं. गच्चीवरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच. सुईच्या बैठकीखाली फायबरचा जाड वायसर घातला की सुई लवकर मिटते आणि पातळी उतरते. मी झाकण काढलं, जुना वायसर काढून जाड घातला, इंजिन चालवून बंद केलं, पट्टी धरून पातळी मोजली. बरोबर होती. धूरही गेला होता. झाकण घट्ट केलं, पाने धुतले आणि पाटावर मांडले.

मग गाडी धुतली. यांनी ती चालू करून पूर्वेकडे तोंड करून लावली आणि बंद केली. इंजिनालाही कुंकू लावायचं असतं म्हणून मी बॉनेट उघडलं. पाने, विळे, कोयते यांना हळदकुंकू वाहून झालं होतं. ताट मडगार्डवर ठेवलं. निरांजन लावायला काडी ओढली.

तेवढ्यात शेजारच्या घरातून माझी मोठी जाऊ झेंडूचा हार घेऊन येत होती. ती अंगणाच्या कडेलाच थांबली.

"ए बाई, काडी इझव! इझव आदी!"

मला वाटलं, नेहमीप्रमाणे काहीतरी चुकलं असेल. "आता काय झालं आक्का? राहुकाळ हाय का?"

"पेट्रूल वतलंय की गं सगळं! नाक गहाण टाकलंयस का?"

काडी मी चिमटीतच दाबली. बोटं भाजली, ते नंतर कळलं. वाकून बघितलं. कार्ब्युरेटरच्या झाकणाखालून पेट्रोलची धार लागली होती. ती इंजिनाच्या अंगावरून खाली फरशीवर पडत होती. अंगण धुतलेलं, सगळीकडे पाणीच पाणी, म्हणून ते पेट्रोल डोळ्यांना दिसलं नव्हतं. आता दिसलं. निळा-जांभळा तवंग माझ्या चपलांच्या पुढे जाऊन पार ओट्यापर्यंत पोचला होता. मी त्याच्या मधोमध उभी होते.

हे धावत आले आणि येता येताच त्यांनी रुमाल नाकाला लावला. "आगं, हितं उभं ऱ्हावंना! तू काय करत हुतीस?"

मी काय करत होते? बॉनेटखाली डोकं घालून, पेटलेली काडी हातात धरून उभी होते. वास आला नव्हता. आताही येत नव्हता. धारेखाली बोट धरलं, गार लागलं. बोट नाकपुडीला टेकवलं. पाण्याला असतो तेवढाच वास. मी पुन्हा टेकवलं.

बॅटरीची तार सोडायला हवी होती. पाना घ्यायला माझा हात पाटाकडे गेला आणि जाऊ ओरडली, "त्यास्नी हळदकुकू लागलंय! उद्याच्याला बघ काय ते!" दुसऱ्या कुठल्याही दिवशी मी तिचं ऐकलं नसतं. त्या दिवशी ऐकलं. आम्ही तिघांनी गाडी ढकलत मोकळ्या जागेत, घरापासून लांब नेली. अंगणावर माती टाकली. पुढची पूजा जाऊने पलीकडे ओट्यावर केली, ओवाळलंही तिनेच. गाडीला नुसता हार मिळाला.

मी सरळ स्वयंपाकघरात गेले. हिंगाची डबी उघडून नाक आत घातलं. शिंक आली, वास आला नाही. फिनेल, नाही. लसूण ठेचून बघितला, डोळ्यांत पाणी आलं, बाकी काही नाही. बादलीत भिजत पडलेलं फडकं, नाही. एकेक बाटली उघडत गेले. शेवटी खाली बसले.

श्रावणात मोठी सर्दी झाली होती. वास तेव्हा गेला असावा. डोळे गेले तर अंधार होतो, कान गेले तर शांतता होते. नाक गेलं तर काहीच होत नाही. तिखट-मीठ जिभेला लागतं, माणूस जेवतो, कामं करतो. भाद्रपदात मुलींनी आमटी करपली म्हणून वाट्या तशाच ठेवल्या होत्या. त्यांना मी म्हटलं होतं, घरी आईने फार लाडावून ठेवलंय. एकीने दुधाला वास येतोय म्हटलं, तिलाही झापलं. आणि मी बसले होते तिथे, माझ्या पाठीशी, भिंतीला लागून चार सिलिंडर उभे होते. रोज पहाटे मी अंधारात येते आणि आधी काडी ओढते. दीड महिना ओढत होते. वरच्या मजल्यावर मुली झोपलेल्या असतात.

मी उठून चारही सिलिंडर बंद केले.

यांना सांगितलं. ते म्हणाले, "तरीच. माझ्या सदऱ्याला घामाचा वास येतो म्हणून वरडायची थांबलीस. मला वाटलं, सुधारलीस."

मला हसू आलं नाही. त्यांनाही आलं नाही. थोड्या वेळाने त्यांनीच उठून सिलिंडरच्या चाव्या पुन्हा एकदा घट्ट करून बघितल्या.

दसऱ्याच्या सकाळी पाट हलवला आणि पाने घेऊन गाडीकडे गेले. आधी बॅटरीची तार सोडली, मग झाकण काढलं. सुईच्या बैठकीत वायसरचा बारीक तंतू अडकला होता. पहिल्यांदा चालवताना तो नव्हता, गाडी फिरवताना जाऊन बसला असणार. म्हणून सुई मिटली नव्हती. तंतू काढला, नळी फुंकून साफ केली, वायसर नवा घातला, पातळी पुन्हा मोजली. यांना लांब उभं केलं आणि वास आला की हात वर करा म्हणून सांगितलं. तार जोडली, गाडीखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद अंथरला आणि इंजिन चालू केलं. हात वर झाला नाही. इंजिन बंद करून कागद बाहेर ओढला, उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितला. कोरडा होता.

मग आत येऊन साबणाचा फेस केला, सिलिंडर एकेक उघडून गॅसच्या प्रत्येक जोडाला लावला. दुसऱ्या शेगडीच्या नळीवर बुडबुडा आला. बारीक होता, पण फुगत होता. ती नळी काढून फेकली आणि शेगडी बाजूला ठेवली. कानाच्या-नाकाच्या डॉक्टरांचा दवाखाना सणामुळे बंद होता. फोनवर दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली.

मुली नाश्त्याला आल्या तेव्हा पोह्यांचं पातेलं वाढायच्या आधी त्यांच्यापुढे ठेवलं.

"आधी वास घ्या," मी म्हटलं. "मला वास येत नाही. श्रावणापासून येत नसावा. काही करपलं, आंबलं, गॅसचा वास आला, तर तोंडावर सांगायचं. मी चिडले तरी सांगायचं."

आमटीवरून बोलणी खाल्लेली मुलगी पुढे आली, केस मागे धरून पातेल्यावर वाकली.

"शेंगदाणे थोडे लागलेत, काकू," ती म्हणाली.

मी डाव घेतला आणि शेंगदाणे बाजूला काढायला लागले.