ओढ्याच्या वाटेवरच्या बातम्या

शुद्धलेखनाच्या चुका आणि हे वेडंवाकडं अक्षर कुणी वाचलंच, तर माफ करावं. चौथीनंतर माझी शाळा सुटली. लिहिते आहे तेही माझ्यापुरतंच. पण सगुणाअक्का कशी होती ते कुठंतरी राहावं असं वाटतं.

आष्टीकडच्या आमच्या गावात अक्का माझी शेजारीण. कापूस वेचून दिवस मावळताना आम्ही दोघी ओढ्यातून घरी यायचो. त्या वर्षी ओढ्याच्या कडेला बिबट्याचे ठसे उमटले आणि वस्तीवरचं एक वासरू गेलं. मोठ्यानं बोलत चाललं की जनावर जवळ येत नाही, असं गावात सगळे सांगत. माझ्या तोंडून चारचौघांत शब्द फुटत नाही. रानात तर भीतीनं जीभच टाळ्याला चिकटायची. म्हणून बोलायचं काम अक्काचं. ती मोबाइलवरच्या बातम्यांचे मथळे ओरडून वाचायची आणि प्रत्येक मथळ्याला जाब विचारायची.

"'बिबट्याचा मुक्त संचार, गावकरी घरात बंद.' म्हंजी जनावर मोकळं अन् माणसं पिंजऱ्यात. 'बिबट्या दिसल्यास अंतर ठेवा.' आमी ठेवतो की. त्याला सांगितलं का कुनी?"

हसू यायचं, पण पाठ थंडच असायची. तुरीत पाचोळा वाजला की मी तिचा दंड धरायची.

"दंड सोड गं. हे आयक. 'तिसरा फोटो बघून धक्का बसेल.' मंग पहिले दोन कशाला दावले, बाबा?"

मला वाटायचं, ह्या बाईला भीती ठाऊकच नाही.

एका संध्याकाळी ओढ्यात उतरलो, तर तुरीतून काहीतरी जड आमच्या बरोबरीनं चालत होतं. आम्ही थांबलो की तेही थांबे. अक्का वाचतच होती.

"'दोन बाया सुखरूप घरी. बिबट्याला मधी बोलायला सवडच मिळाली न्हाई.'"

मी तिच्याकडे पाहिलं. रोज मोबाइलचा उजेड तिच्या हनुवटीवर पडायचा. आज तिचं तोंड अंधारात होतं. मोबाइल कधीच बंद पडला होता, आणि मथळे ती मनानंच रचत होती.

तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. आवाज थांबला. तुरीतली पावलं जवळ आली.

"तू वाच," ती कशीबशी म्हणाली. "मला लई भ्या वाटायलंय."

मी तिच्या हातातून मोबाइल घेतला. काळ्या काचेकडे बघत ओरडले, "'चौथी शिकल्याल्या बाईचा आवाज वेशीपर्यंत गेला. नवऱ्यानंबी पहिल्यांदाच आयकला.'"

अक्का खोकता खोकता हसली. मग वेस येईपर्यंत मी थांबले नाही. मागं काय होतं, ते आम्ही वळून पाहिलं नाही.

यंदा कापूस संपता संपता अक्का वारली. तोच खोकला. वाट तीच आहे, आणि ठसे परत दिसू लागलेत. माझ्याकडे मोबाइल नाही. तळहात तोंडासमोर धरते आणि मोठ्यानं बातम्या वाचते. अक्काची नवी सून माझा दंड धरून चालते. तिला वाटतं, मला भीती ठाऊकच नाही.