बाहेर उघडणारं दार

बकुळेच्या खोलीच्या दाराच्या बिजागऱ्या तुटल्या, तेव्हा तिचा नवरा महादेव म्हणाला, "उद्या लावतो." पण नवऱ्यांचा उद्या कधी उजाडलाय? संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात जाऊन तो तुरुंगात बसला, आणि चिंचपोकळीच्या चाळीत मागे राहिली बकुळा, तिची तान्ही लेक आणि नुसतं टेकवून ठेवलेलं दार. अशा दारामागे बाईमाणसाला झोप कशी लागायची?

शेवटी तिने महादेवने गिरणीतून आणलेल्या, यंत्राच्या जुन्या चामडी पट्ट्याचे दोन तुकडे कापले. खोलीत हातोडा उगारायलाही जागा नव्हती. म्हणून तिने गॅलरीत उभं राहून दार बाहेरूनच चौकटीला टेकवलं आणि बिजागऱ्यांच्या जागी ते तुकडे ठोकले. दार लागलं, आतून साखळीही बसली. फक्त ते आता आत न उघडता बाहेर उघडायला लागलं!

"अगं बये, घर उलटं घातलंस की काय?" शेजारच्या मीराबाई हसल्या.

"उलटं तर उलटं, लागतंय ना!"

बकुळा त्या रात्री गाढ झोपली.

महादेव सुटून आला आणि दार ढकलत बसला. "बकुळा, आतून काय लावलंयस?"

"अहो, ओढा! सरकारला धक्के मारून सवयच लागलीय तुम्हाला."

आत येताच तो नव्या बिजागऱ्यांच्या गोष्टी करायला लागला. बकुळेने नुसतं बोट दाखवलं. इतकी वर्षं दार फिरायला मोकळा सोडलेला कोपरा, तिथे आता लेकीचा पाळणा टांगला होता.

महादेवने पाळण्याची दोरी हातात घेतली. बिजागऱ्यांचं नाव पुन्हा काढलं नाही.