जिनेशशेठचं क्रोम

साडी बघायला आलेल्या बाईनं पन्नास साड्या उलगडायला लावून "बरं, येते हं" म्हटलं, की जिनेशशेठ कपाळावर हात मारायचा. त्याचं सगळं उट्टं महंमद हनीफच्या दुकानात निघालं. नारायणगावात गाड्यांचं सजावटीचं सामान मिळावं तर तिथंच. चार दिवसांत शेठची ही तिसरी खेप होती.

दारात शेठची नवी काळी मोटारसायकल, काउंटरवर आरशांच्या चार जोड्या, दोन लेग गार्ड, हेडलाइटची टोपी. शेठ एकेक वस्तू उन्हात नेई, तिच्यात स्वतःचं वाकडंतिकडं तोंड बघे आणि परत आणून ठेवी.

"हे जास्त चमकत नाय ना?"

"शेठ, चमकायलाच क्रोम लावतात! न्हाईतर काळा रंग मारून देतो," हनीफ म्हणाला.

आता शेठची खरी तगमग हनीफला कोण सांगणार? येत्या रविवारी त्याला बायकोला मागं बसवून आहुप्याची देवराई दाखवायला न्यायचं होतं. लग्नाला बावीस वर्षं झाली. जुन्या स्कूटरवर नीलम बसायची, पण दोघांच्या मधे साड्यांचा गठ्ठा असायचाच. शेठच्या पाठीला नीलमपेक्षा त्या गठ्ठ्याचीच ओळख जास्त. एकदा, फक्त एकदा, घाटाच्या वळणावर तिचा हात खांद्यावर यावा, एवढ्यासाठी बिचाऱ्यानं पन्नाशीच्या तोंडावर मोटारसायकल घेतली होती.

"गोल आरसे घेऊ का लांबट?"

"वहिनींनाच बोलवा राव. आज माझं दुसरं गिऱ्हाईक होऊ द्या!"

नीलम आली. क्रोमकडे तिनं ढुंकून बघितलं नाही. पदर सावरून मागच्या सीटवर एका अंगाला बसली आणि मागं हात फिरवला.

"अहो, मी धरू कशाला?"

शेठला ह्याच प्रश्नाची आस होती. "माझा खांदा आहे की!"

"भर बाजारात?" नीलमनं डोळ्यांनीच समोर दाखवलं. समोरच्या ओट्यावर शेठची आत्या कस्तुरबाई माळ ओढत बसली होती. एक मणी देवाचा, पुढचा बाजाराचा. "धरायला काही नसेल तर रविवारी मी जीपनं येते. तुम्ही या तुमचे आरसे घेऊन."

शेठचा चेहरा उतरला. हनीफनं मात्र खिळ्याला टांगलेला एक वाकवलेला क्रोमचा दांडा काढला, सीटमागं धरून दाखवला. "हे घ्या वहिनी. घाट असो नाय तर नांगरलेलं रान, बिनघोर बसा."

"हेच लावा!" नीलम म्हणाली.

बायको आता जीपनं नाही, गाडीवरच येणार, म्हणून शेठ इतका हरखला की पुढचं काही सुचलंच नाही. दांडा बसला. बायपासपर्यंत चक्कर झाली. जाताना दोन गतिरोधक आले, एक खड्डा आला, खांदा मोकळाच.

"कसं वाटलं वहिनी?"

"फार छान. जागची हलले सुद्धा नाही."

शेठ गाडीवरून उतरेना. नीलम कस्तुरबाईशी बोलायला पलीकडे गेली, तसा तो गाडीवरूनच वाकून दारात स्टुलावर बसलेल्या हनीफच्या कानाशी लागला.

"चारी बोल्ट आवळलेस?"

"चारी."

"एखादा जरा... राहू दिला असतास."

हनीफ हसता हसता स्टुलावरून घसरायचा बाकी राहिला. पलीकडून नीलमनं विचारलं, "काय झालं हो?"

"काही नाही! आहुप्याच्या वाटेला लई वळणं आहेत म्हणतोय हा."

"असू द्या की," नीलम म्हणाली. "आता कितीही असू द्या."